ग्रेगरियन गायनाची लय ठरवताना: पान ओळखण्यापासून तालमीपर्यंत

ग्रेगरियन गायन म्हणजे कॅथलिक चर्चमधलं, सगळ्यांनी मिळून एकच चाल गायचं जुनं लॅटिन गायन. नाताळच्या दिवसाच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, आमचा वृंद 'पुएर नातुस एस्त नोबिस' हे सुरुवातीचं गीत बसवत होता. सगळ्यांचे सूर बरोबर लागत होते, उच्चारही ठीक होते, पण ओळ काही केल्या जुळत नव्हती. एका बाजूचे तिघं ठिपक्याचा सूर दुप्पट धरत होते. मागच्या रांगेतले दोघं चौकोनी सुरांच्या खालच्या लाल खुणा बघून तोच भाग हलका करत होते. हिंदुस्थानी संगीत शिकलेली एक मुलगी मांडीवर बोटं आपटत मात्रा शोधत होती. या सगळ्यांचंच आपापल्या परीने बरोबर होतं, आणि अडचण तीच होती.

या गायनाची लय लावण्याच्या निदान चार पद्धती आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळता येत नाहीत. बहुतेक गायनवृंद पद्धत ठरवण्याआधीच गायला सुरुवात करतात. पुढचा क्रम त्यासाठी आहे. एका चालीला एकच पद्धत, आणि ती पहिल्या तालमीच्या आधी ठरलेली.

आधी हाताशी काय हवं

चालीच्या पानाच्या सगळ्यांकडे एकाच पुस्तकातल्या प्रती हव्यात. एकाकडे जुनी झेरॉक्स, दुसऱ्याकडे मोबाईलवरचं भलतंच पान, असं नको. शिवाय पेन्सिल, मजकुराचा अर्थ लिहिलेला कागद, आणि आधारसुरासाठी तानपुरा किंवा तानपुऱ्याचं ॲप. चार रेघांवरच्या या लिपीत सुराची उंची ठरीव नसते. रेघेवरची खूण 'दो' किंवा 'फा' (पाश्चात्य स्वरांची नावं) कुठे आहे एवढंच सांगते, तेव्हा पट्टी आपल्या गळ्याला सोसेल अशी धरा.

हार्मोनियम आणि कीबोर्ड या टप्प्यावर बाजूला ठेवा. पट्टी दाबली की प्रत्येक सूर सारख्याच वजनाने वाजतो, आणि कान तेच वजन उचलतो. ध्वनिमुद्रणही अजून ऐकू नका. ज्यांचं ध्वनिमुद्रण तुम्ही ऐकाल, त्यांची पद्धत नकळत तुमची होऊन बसते.

१. पान ओळखा

समोरचं पान कोणत्या पुस्तकातलं आहे, त्यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो.

पानावर फक्त चौकोनी सूर आणि दंड असतील, तर ती व्हॅटिकनची साधी आवृत्ती. तिचं ग्रादुआले, म्हणजे मिस्साच्या गीतांचं पुस्तक, १९०८ मध्ये निघालं. तेच सूर, पण शेजारी ठिपके, सुरांवर आडव्या रेघा आणि खाली बारीक उभ्या रेघा असतील, तर त्या फ्रान्समधल्या सोलेम मठाने घातलेल्या लयीच्या खुणा आहेत. 'लिबेर उसुआलिस' हे पुस्तक या प्रकारचं. चौकोनी सुरांच्या वर काळ्या आणि खाली लाल रंगात बारीक हस्तलिखित खुणा दिसल्या, तर ते १९७९ चं 'ग्रादुआले त्रिप्लेक्स'. काळ्या खुणा फ्रान्समधल्या लाँ इथल्या हस्तलिखितातून उतरवलेल्या असतात, लाल खुणा स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या घराण्यातल्या हस्तलिखितांतून. ही हस्तलिखितं दहाव्या शतकाच्या आसपासची आहेत.

सावध: त्रिप्लेक्सच्या एकाच पानावर दोन पद्धती एकमेकींवर छापलेल्या आहेत. मधल्या चौकोनी सुरांवर सोलेमचे ठिपके आणि रेघा तशाच राहिल्या आहेत, आणि वरखाली हस्तलिखितांच्या खुणा आहेत. काही ठिकाणी त्या जुळतात, काही ठिकाणी सरळ विरोधात जातात. दोन्ही एकदम पाळायला गेलात की आमच्या 'पुएर नातुस'चं झालं तेच होणार. आमच्याकडे ते ४७व्या पानावरून घेतलं होतं आणि कोणी काय बघायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

सावध: चौकोनी सुरांच्या आकारावरून लांबी ठरवू नका. पाश्चात्य स्टाफ नोटेशन वाचणाऱ्यांची ही हमखास चूक. शेपटीचा सूर लांब नसतो आणि उतरत्या रांगेतले शंकरपाळ्यांसारखे सूर अर्धे नसतात. ते फक्त लिहिण्याचे आकार आहेत. उभे दंडही तालाचे नाहीत, वाक्याचे आहेत. सगळ्यांत छोटा दंड आला की थांबायचं असंही नाही.

२. चालीचं वय बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. ग्रेगरियन म्हणून छापलेलं सगळं एका काळातलं नाही. मिस्साच्या सुरुवातीचं गीत, ग्रादुआले (इथे पुस्तक नव्हे, वाचनानंतरचं गीत), अर्पणगीत, कोम्युनियोचं म्हणजे प्रसाद घेतानाचं गीत यांतला मोठा भाग जुना आहे आणि दहाव्या शतकाच्या हस्तलिखितांत सापडतो. पण कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस या मिस्सातल्या ठरलेल्या प्रार्थनांच्या पुष्कळ चाली नंतरच्या आहेत. आपल्याकडे लोकांना तोंडपाठ असलेली पुस्तकातल्या आठव्या मिस्सा-संचातली कीरिये पंधराव्या-सोळाव्या शतकातली, आणि तिसरं क्रेदो सतराव्या शतकातलं. दहाव्या शतकातल्या लेखकाने ठेवलेल्या हलक्या-जड खुणांवरून काढलेले नियम सतराव्या शतकातल्या क्रेदोला लावण्यात काही अर्थ नाही.

शतक शोधायला फार लांब जावं लागत नाही. लिबेर उसुआलिससारख्या पुस्तकात या चालींच्या डोक्यावर बारीक रोमन आकड्यांत शतक छापलेलं असतं. डाव्या बाजूला सुरुवातीशी असलेला आकडा मात्र स्वरमालेचा, म्हणजे मोडचा. या दोन आकड्यांची गल्लत करू नका.

तपासा: पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'जुनी' किंवा 'नंतरची' असं लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

३. शब्द म्हणा, सुरांशिवाय

पद्धत कोणतीही घ्या, ही पायरी चुकत नाही. मजकूर आधी बोलायचा.

प्रत्येक शब्दात आघात कुठे आहे ते खुणेने दाखवा. उदाहरणार्थ मृतांसाठीच्या मिस्साची पहिली ओळ: रे'क्वियेम एते'र्नाम दो'ना ए'इस, दो'मिने. दोन अक्षरी शब्दात आघात पहिल्यावर. त्याहून लांब शब्दात तो शेवटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरावर असतो, आणि पुस्तकात तिथे बहुधा तिरकी मात्रा छापलेली असते.

इथे मराठी तोंडाला दोन सवयी आडव्या येतात. पहिली, लघु-गुरूची. मनाचे श्लोक म्हणत वाढलेल्या माणसाला गुरू अक्षर दुप्पट धरायला कोणी शिकवावं लागत नाही. लॅटिनमध्ये जोर दिसला की आपण तेच करतो आणि 'दोमिनुस'चं 'दोऽऽमिनुस' होतं. या शब्दातलं 'दो' आघाताचं आहे, पण लांब नाही. आघात म्हणजे अक्षर उचलून घेणं, ताणणं नव्हे. दुसरी सवय, शेवटचं अक्षर दाबून शब्द संपवायची. 'देउस'मधलं 'उस' हलकंच उतरायला हवं.

तपासा: सगळ्यांनी मिळून ओळ साध्या बोलण्याच्या वेगाने तीनदा म्हणा. मग तीच ओळ एका सुरावर म्हणा. एका सुरावर आल्या आल्या लय एकसारखी, गुणगुणल्यासारखी झाली, तर पुन्हा बोलण्यावर या. या पायरीला मी स्वतः पहिल्या तालमीचा निम्मा वेळ देतो, आणि तो वेळ पुढे भरून निघतो.

४. चारपैकी एक वाट

पहिली वाट वक्तृत्वाची. सोलेमचेच दोम ('दोम' ही मठवासीयांची पदवी) जोझेफ पोतिए यांनी १८८० मध्ये ती मांडली आणि व्हॅटिकनची आवृत्ती याच विचाराची आहे. शब्दाचा आघात आणि वाक्याची फोड लय ठरवतात, मोजणी कुठेच नाही. लांब सूरसमूहाच्या मध्ये एका सुराएवढी मोकळी जागा सोडलेली दिसली, तर तिच्या आधीचा सूर थोडा धरायचा. अक्षराला एकच सूर असलेल्या चालींना, म्हणजे क्रेदो, स्तोत्रपाठ, साध्या प्रतिगीतांना (स्तोत्राच्या आधी-नंतरच्या छोट्या गीतांना), ही वाट सगळ्यांत सोपी.

दुसरी वाट सोलेमची अभिजात पद्धत. दोम आंद्रे मोकेरो यांनी १९०८ आणि १९२७ मध्ये दोन खंडांत ती बांधली. सगळे सूर मुळात एका मापाचे, ते दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत बांधलेले, आणि प्रत्येक गटाच्या सुरुवातीला 'इक्तुस' नावाचा टेकू.

तिसरी वाट हस्तलिखितांची, जिला सेमिऑलॉजी म्हणतात. दोम यूजेन कार्दीन यांनी १९६०च्या दशकात तिला शिस्तबद्ध रूप दिलं. दहाव्या शतकातल्या लेखकाने लेखणी कशी फिरवली, त्यावरून कोणता सूर हलका, कोणता नेहमीचा आणि कोणता भारदस्त ते ठरतं.

चौथी वाट मात्रांची. त्याच हस्तलिखितांतल्या लांब-आखूड खुणांना ठाम प्रमाण द्यायचं, एकास दोन. यान व्होलार्ट्स आणि ग्रेगरी मरी हे तिचे विसाव्या शतकातले मोठे पुरस्कर्ते. लांब सूर आखुडाच्या दुप्पट, असं सांगणारे मध्ययुगीन ग्रंथ आहेत, त्यांवर ते बोट ठेवतात. विरुद्ध बाजू त्याच ओळींचा अर्थ वेगळा लावते.

निवड कशी करायची? चाल नंतरची असेल तर तिसरी आणि चौथी वाट आपोआप गळते. पहिली किंवा दुसरी घ्या. चाल जुनी आहे, पण वृंद नवखा आहे आणि हातात ठिपक्या-रेघांचं पुस्तक आहे? दुसरी घ्या. वीस जणांना एकत्र आणायला तिच्याइतकी कामाची पद्धत मी पाहिलेली नाही. चाल जुनी, माणसं पाच-सहा, आणि हाती त्रिप्लेक्स असेल तर तिसरी. माझा ओढा तिसरीकडे आहे, कारण शब्द आणि सूर तिथे एकमेकांपासून सुटत नाहीत. पण अर्धवट तयारीने ती केली की गाणं फक्त डळमळतं.

चौथीबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडच्या शिकलेल्या गवयाला ती पटकन समजते आणि तितक्याच पटकन बिघडते. दोन-एक, दोन-एक असं चार वेळा आलं की दादरा सुरू होतो. ती घ्यायचीच असेल तर हस्तलिखितातला क्रम जसा आहे तसा पाळा. तो नियमित नसतो आणि आपण नियमित करायचाही नाही.

५. दुसऱ्या वाटेने जाणार असाल

क्रम असा. ठिपक्याचे सूर आधी शोधा. ठिपका म्हणजे दुप्पट. मग आडवी रेघ. तिच्याखालचा सूर जरासा रुंद करायचा, दुप्पट नाही. ठिपका आणि रेघ एकाच मापाने ओढणं ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी चूक आहे.

त्यानंतर इक्तुसच्या जागा. खाली उभी रेघ असेल तिथे, लांब सुराच्या सुरुवातीला, आणि सूरसमूहाच्या पहिल्या सुरावर, मात्र त्याला लागून दुसरा इक्तुस नसेल तरच. मधे उरलेल्या जागी पुढच्या इक्तुसपासून मागे दोन-दोन मोजत या. दोन इक्तुसांमध्ये दोन किंवा तीन सूर, त्याहून कमी नाही, जास्त नाही. हिशेब चुकला असेल तर इथेच कळतं.

सावध: इक्तुस म्हणजे सम नव्हे. तो पाऊल टेकल्यासारखा स्पर्श आहे, ठोका नाही. या पद्धतीत तो पुष्कळदा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर येतो, आणि शब्दाचा आघात मात्र वर उचललेला असतो. गायकाने तिथे जोर दिला की 'देउस'चं 'उस' दणकन आदळतं आणि तिसऱ्या पायरीवरची सगळी मेहनत वाया जाते.

तपासा: गटांवर हलकी टाळी देत गाऊन बघा. टाळ्यांमधलं अंतर कधी दोन सुरांचं, कधी तीनचं यायला हवं. टाळी बराच वेळ एकसारखी पडत असेल तर पुस्तकाकडे परत बघा. बहुतेक तुम्ही गट आपल्या मनाने सरळ केले आहेत.

६. तिसऱ्या वाटेने जाणार असाल

सुरुवातीलाच एक निर्णय घ्या: चौकोनी सुरांवरचे सोलेमचे ठिपके आणि रेघा आता बघायच्या नाहीत. शक्य असेल तर झेरॉक्सवर त्या पांढऱ्या शाईने पुसून टाका. डोळ्यांना सवय असते, नुसतं 'बघू नका' म्हणून भागत नाही.

मग अक्षरं वाचा. हस्तलिखितांत खुणांशेजारी बारीक लॅटिन अक्षरं आहेत. 'सी' म्हणजे चेलेरितेर, लवकर. 'टी' म्हणजे धरून ठेवा. 'एक्स' म्हणजे थांबा. पण सगळी अक्षरं लयीची नाहीत. 'एल' आणि 'एस' वर चढायला सांगतात, 'आय' खाली उतरायला, 'ई' त्याच सुरावर राहायला. आणि या वाटेवरचा सगळ्यांत फसवा खड्डा 'ए' या अक्षराचा: सांक्ट गालेनच्या लाल खुणांत त्याचा अर्थ 'उंच', लाँच्या काळ्या खुणांत त्याचा अर्थ 'वाढवा'. एकच अक्षर, एकात सुराबद्दल, दुसऱ्यात लयीबद्दल. रंग बघितल्याशिवाय अर्थ लावायचा नाही.

दुसरी गोष्ट आकारांची. लाँमध्ये लहान आकड्यासारखी खूण नेहमीच्या सुराची आणि नुसता ठिपका हलक्या सुराचा. सांक्ट गालेनमध्ये सुटी उभी रेघ दिसली की नवखे तिला लांब समजतात. एका अक्षरावर एकच सूर असताना ती फक्त सूर उंच आहे एवढं सांगते. तिच्या टोकाला आडवी छोटी रेघ असेल तरच ती भारदस्त.

तिसरी गोष्ट फोडीची, आणि इथे वेळ द्या. लेखकाला चार-पाच सूर एका फटक्यात लिहिता आले असते, तरी त्याने मध्येच लेखणी उचलली. का? उचलण्याआधीचा सूर वजनाचा आहे हे सांगायला. एका अक्षरावर लांब सूरमाला असते तेव्हा कुठे रेंगाळायचं आणि कुठे निघून जायचं, ते या फोडीवरून कळतं. जिथे लेखणी उचलल्याशिवाय पुढे जाणं शक्यच नव्हतं, तिथली फोड मात्र मोजू नका. सूरमालेतल्या सर्वांत खालच्या सुरानंतरची फोड बहुधा याच जातीची असते.

सावध: हलका, नेहमीचा, भारदस्त या पायऱ्या आहेत, अर्धी-एक-दोन ही मापं नाहीत. अक्षराला एकच सूर असताना तुम्ही ते ज्या वेगाने बोलता, तो तुमचा नेहमीचा सूर. बाकी सगळं त्याच्या तुलनेत. म्हणून तिसरी पायरी इथे अधिकच गरजेची.

७. एका सुरावरून परीक्षा

सगळे खरंच एका पद्धतीत आले आहेत का, हे ओळखायला मी एक जागा वापरतो: 'सालिकुस'. तीन चढते सूर, आणि सोलेमच्या पुस्तकात मधल्या सुराखाली उभी रेघ. दुसऱ्या वाटेने तो मधला सूर रुंद होतो. तिसऱ्या वाटेने मधला सूर पुढे झुकतो आणि मुक्काम तिसऱ्यावर असतो. या तीन सुरांत दोन पद्धती एकमेकींच्या उलट जातात, त्यामुळे कोण कुठे आहे ते लगेच कानाला कळतं. एकेकाकडून तेवढेच तीन सूर गाऊन घ्या.

'क्विलिस्मा'वरून, म्हणजे दातेरी सुरावरून, ही परीक्षा घेऊ नका. तो हलका आणि त्याच्या आधीचा सूर वजनाचा, यावर दोन्ही पद्धती बऱ्यापैकी एक आहेत. एकाच उंचीवर लागोपाठ आलेल्या दोन-तीन सुरांवर मात्र पुन्हा फरक पडतो. दुसऱ्या वाटेचे वृंद बहुधा ते जोडून एक लांब सूर करतात. तिसऱ्या वाटेत ते गळ्याने हलकेच पुन्हा पुन्हा उच्चारायचे असतात.

८. तालमीचा क्रम

बोलणं, मग एका सुरावर बोलणं, हे झालेलं आहे. आता शब्द बाजूला ठेवून 'आ'वर फक्त सूर गा, म्हणजे चाल पक्की होईल. त्यानंतर शब्द आणि सूर एकत्र, पण एका वेळी एका दंडापर्यंतच. संपूर्ण ओळ शेवटी.

हात दाखवणाऱ्याने ताल देऊ नये. हाताने चढ-उतार आणि मुक्काम दाखवायचे. वर-खाली, वर-खाली असा हात सुरू झाला की वीस गळे त्याच्यामागे जातात. आलाप गाणाऱ्यांना हे पटकन समजतं. त्यांना सांगायचं एवढंच: हे अनिबद्ध आहे, पण इथे ऐनवेळची बढत नाही, सूर ठरलेले आहेत.

लांब सूरमालेत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजाऱ्याचा श्वास झाला की आपला. अर्ध्या आणि पूर्ण दंडावर सगळे मिळून. शब्दाच्या शेवटचा 'म' किंवा 'स' एकाच क्षणी मिटवा, नाहीतर चांगली गायलेली ओळ शेवटी सांडते.

९. ध्वनिमुद्रण, आता

मोबाईल खोलीच्या मागच्या भिंतीशी ठेवा आणि एकच कडवं रेकॉर्ड करा. ऐकताना आधी शब्द कळतात का ते बघा. मग सालिकुसची जागा ऐका. मग ओळीचा शेवट. बहुतेक वृंद तिथे फार हळू होतात, कारण ठिपका, दंड आणि भाव तिन्ही एकदम ओढले जातात. त्यातलं एकच ठेवा.

इतरांची ध्वनिमुद्रणं ऐकायची असतील तर आत्ता ऐका, आणि ऐकताना त्यांची पद्धत कोणती ते ओळखायचा प्रयत्न करा. दोम गाजार यांच्या हाताखाली सोलेमच्या मठवासीयांनी १९३०पासून केलेली ध्वनिमुद्रणं दुसऱ्या वाटेचा उत्तम नमुना आहेत.

पान फाईलमध्ये ठेवण्याआधी वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा: पुस्तक, चालीचं शतक, निवडलेली वाट. आमच्या 'पुएर नातुस'वर आता 'त्रिप्लेक्स, जुनी, तिसरी, फक्त लाल खुणा' असं लिहिलेलं आहे. नवीन माणूस वृंदात आला की त्याला आधी तो कोपरा दाखवतो, मग सूर.